वीस ट्रॉली काळी माती का पुरणार नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. तुमचं म्हणणं असं: बंद पडलेल्या क्रोम प्लेटिंग शेडची दहा गुंठे जागा मुलांना खेळायला द्यायची, तर माती तपासणी म्हणजे लॅबवाल्यांचं दुकान. वीस ट्रॉली काळी माती ओता, झाडं लावा, झाडं विष ओढून घेतात. आणि फौंड्रीची काळी रेती उद्यमनगरात वर्षानुवर्षं भरावाला वापरली, कुणाला काय झालं?

रेतीचं आधी मान्य करतो. बीडाच्या (कास्ट आयर्नच्या) ओतकामातली ग्रीन सँड म्हणजे सिलिका, बेंटोनाइट ही चिकणमाती आणि कोळशाची भुकटी. तिच्यात जड धातू सहसा कमीच असतात, आधी तिला सरसकट विषारी ठरवलं, ही आमची घाई झाली. पण पितळ, गनमेटल ओतणाऱ्या भट्टीच्या रेतीत शिसं आणि जस्त उतरतं. रेती कुठल्या भट्टीची हे कळल्याशिवाय ट्रॉली आत घेऊ नका.

आता मातीचा हिशेब. गुंठा 1,089 चौरस फुटांचा. ट्रॉलीत एक ब्रास (100 घनफूट) धरला, तरी दहा गुंठ्यांवर वीस ट्रॉलींचा थर होतो जेमतेम सव्वादोन इंच. दीड फुटाचा थर हवा तर, दबाई धरून, 190 ब्रासच्या आसपास लागेल. तेही नुसती काळी माती नको. एप्रिल-मेमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, मग झाकलं काय? खाली दाबलेला मुरूम, वर गवतापुरती माती.

पण खरी अडचण वरून नाही, खालून आहे. हेक्साव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे प्लेटिंगच्या टाक्यांतून जमिनीत उतरणारं विषारी क्रोमियम, पाण्यात विरघळतं आणि आपल्या अल्कधर्मी काळ्या मातीत फारसं अडकून राहत नाही. 2019 आणि 2021 सारखा पंचगंगेचा पूर आला की सखल भागात भूजल वर चढतं. पुढे उन्हाळ्यात ओल वर खेचली जाते आणि जमिनीवर पिवळसर खार फुटतो. म्हणून मुरमाखाली आठ इंच खडी हवी; तिच्यातून ओल वर चढत नाही. खडीच्या खाली भगवं जिओटेक्स्टाइल (जमिनीत घालायचं कृत्रिम कापड) अंथरा, म्हणजे पुढे कुणी खणलं तर कुठं थांबायचं ते दिसेल.

तपासणी गुंठ्याला एक नमुना, म्हणजे 33 फुटांची चौकट. शिवाय टाक्यांखाली आणि गटाराच्या कडेला वेगळे. प्रत्येक जागी तीन खोलींवरून माती घ्या: अर्धा फूट, दीड फूट, तीन फूट. सगळी माती एकत्र कालवून एकच पुडी पाठवू नका. वाईट कोपरा चांगल्या मातीत विरतो आणि जागा कागदावर पास होते. जस्ताचा मुलामा असलेलं फावडं टाळा. लॅबला हेक्साव्हॅलंट वेगळं मोजायला सांगा आणि नमुने बर्फात न्या.

क्रोमियम सापडलं तर उतारा हिराकशीचा, म्हणजे फेरस सल्फेटचा; ती हेक्साव्हॅलंटचं कमी विषारी, कमी विरघळणारं क्रोमियम करते. एक किलो हेक्साव्हॅलंटला हिशेबाने 16 किलो हिराकस लागते, प्रत्यक्षात दुप्पट-तिप्पट. किलोभर मातीत 100 मिलिग्रॅम असेल, तर एका गुंठ्याच्या फूटभर थरात ते साडेचार किलोंवर जातं, म्हणजे हिराकस दीडशे ते सव्वादोनशे किलो. आधी बादलीत चाचणी घ्या. वरून शिंपडून भागत नाही. हवेत ती तपकिरी पडते आणि वाया जाते. माती उकरून, ओलवून, कालवावी लागते. चुना आधी टाकलात तर हिराकस खाली पोचायच्या आतच गाळ होऊन बसते. महिन्याने पुन्हा तपासा. टाक्यांतला गाळ मात्र इथे मुरवायचा नाही, तो अधिकृत वाहनाने रांजणगावसारख्या घातक कचरा केंद्रावरच जायला हवा.

झाडांबद्दल: मोहरी, सूर्यफूल थोडा धातू उचलतात, पण त्याला कित्येक हंगाम जातात आणि कापलेला पाला घातक कचराच होतो. शिसं तर बहुतांशी मुळांशीच राहतं. उतारावर वाळा लावा, माती धरून ठेवतो. फळझाडं आणि पालेभाजी नको. मोठं झाड लावायचंच, तर खड्डा खडीच्या थराखाली न्यायचा नाही, वर वाफा उंच करायचा.

आणि गणपतीत मंडप घालाल, तेव्हा बांबू जमिनीत पुरू नका. एकेक खांब म्हणजे थराला पडलेलं भोक. वाळू भरलेल्या पिंपांत उभे करा.