खुलासा : जेफ्री हाऊ यांची ती उपमा फुटबॉलची नव्हती

‘कर्णधारानेच सेल्फ गोल केला, या फुटबॉलच्या उपमेने मार्गारेट थॅचर यांची खुर्ची गेली’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

ब्रिटनच्या उपपंतप्रधानपदाचा राजीनामा दिल्यावर हाऊ १३ नोव्हेंबर १९९० रोजी हाउस ऑफ कॉमन्समध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, बोलले, तेव्हा उपमा क्रिकेटची होती. युरोपच्या चलनाबाबत अर्थमंत्री आणि बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर वाटाघाटी करत असताना पंतप्रधान थॅचर त्यांचा पाया काढून घेतात, हा त्यांचा आक्षेप. सलामीचे फलंदाज खेळपट्टीवर जातात आणि पहिला चेंडू पडताच त्यांना कळतं की सामन्याआधीच कर्णधाराने त्यांच्या बॅटी मोडून ठेवल्यात, असं ते म्हणाले. इथे सेल्फ गोल बसतच नाही. तो चुकून होतो, हाऊ यांचा आरोप मुद्दाम केल्याचा होता. शिवाय आदल्याच रात्री थॅचर यांनी, गोलंदाजी तिखट असली तरी मी अजून क्रीजवर आहे, असं जाहीर भाषणात सांगितलं होतं. खेळ बदलला की हा संदर्भच हरवतो.

खुर्ची एका वाक्याने गेली, हेही खरं नाही. पक्षनेतेपदाच्या निवडणुकीच्या पहिल्या फेरीत पुरेशी आघाडी मिळाली नाही, म्हणून २२ नोव्हेंबरला त्यांनी पायउतार होण्याचा निर्णय जाहीर केला.

फुटबॉलने कॉमन्स खरोखर हलवलं ते हिल्सबरोच्या वेळी, म्हणजे १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे चाहते मृत्युमुखी पडले, त्या प्रकरणात. १७ ऑक्टोबर २०११ च्या चर्चेत खासदार स्टीव्ह रॉदरम यांनी ९६ मृतांची नावं वाचून अधिकृत नोंदीत आणली. १२ सप्टेंबर २०१२ रोजी स्वतंत्र समितीचा अहवाल आल्यावर पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी त्याच सभागृहात कुटुंबीयांची माफी मागितली.