कपलरची रबरं फेकून देऊ नका रे!

काल संध्याकाळी साडेसातला कुंभार्ली घाटात गाडी बंद पडली. पाऊस असा की हेल्मेटची काच खाली केली तर दिसत नाही आणि वर केली तर डोळे उघडत नाहीत, मागे बायको, समोरून उतरणारे ट्रक, आणि गाडी न्यूट्रलला व्यवस्थित स्टार्ट होते, एकसारखी चालते, क्लच दाबून पहिला गिअर टाकला की फट्कन बंद. परत न्यूट्रल, परत स्टार्ट, परत गिअर, परत बंद. ज्यांच्याकडे बीएस सिक्स, म्हणजे धुराच्या नव्या नियमांची गाडी आहे त्यांना एव्हाना कळलंच असेल. साइड स्टँडचा स्विच, स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद करणारा. स्टँड वरच होता, मी वाकून हाताने चेपून बघितला, पण गाडीला वाटतंय खाली आहे.

बायकोने मोबाईलची बॅटरी धरली, मी साइडचं कव्हर काढलं, म्हटलं कपलर, म्हणजे दोन वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग, काढून पुसून परत बसवू. तर तिथे कपलरच नाही! कापून टाकलाय. त्याच्या जागी काळ्या चिकटपट्टीचा अंगठ्याएवढा जाड गोळा. सोडवायला लागलो तर पट्टीचा गोंद वितळून बोटांना काळा चिकट लागतोय आणि शेवटच्या दोन वेढ्यांतून पाणी मनगटापर्यंत ओघळलं. आत दोन वायरी नुसत्या पिळून ठेवलेल्या, वर हिरवी भुकटी, आणि एक तर हात लावल्याबरोबर तुटूनच पडली. दातांनी सोलली. तांबं काळं. अजून सोलली, तरी काळंच. दोन बोटं आत गेल्यावर कुठे चकचकीत तार दिसली. वायरीच्या तारांमधून पाणी वातीत तेल चढावं तसं आत चढत जातं, त्यामुळे बाहेरून वायर धडधाकट आणि आतून सडलेली. किल्लीने खरवडून जोडलं, पिशवीचं प्लास्टिक फाडून गुंडाळलं, घरी पोचायला दहा वाजले.

हे कुणी केलं? मे महिन्यात सर्व्हिसिंगला गाडी दिली होती तिथेच. आणि मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, पावसाळ्याआधी वायरिंग एकदा बघून द्या. आज सकाळी तो तुटका तुकडा घेऊन गेलो. काउंटरवरच्या माणसाने हातात पण घेतला नाही. म्हणाला, "सर, पावसाळा आहे, कोकणात एवढं होतंच."

होतंच?

मी चिपळूणचा माणूस आहे, मला पाऊस काय असतो ते सांगतोस? ज्याने ती गाडी बनवली त्याला पण माहीत होतं पाऊस पडतो, म्हणूनच त्याने त्या कपलरच्या मागे प्रत्येक वायरीला वेगळं रबर दिलं होतं, पुढे तोंडाशी एक रिंग दिली होती. ज्या कपलरमध्ये भोक रिकामं राहतं तिथे ते बुजवायला छोटी गुडदी देतात. मक्याच्या दाण्याएवढं रबर असतं ते! तुमच्या पोराने घाईत ते ओढून काढलं, कपलर बसेना म्हणून कापला आणि टेप मारली. आणि पाऊस दोषी?

टेप पाणी अडवत नाही, टेप पाणी धरून ठेवते. घरात, बोर्डाच्या आत, कोरड्या जागी ठीक आहे. इंजिनशेजारी उन्हाने आणि उष्णतेने तिचा गोंद सरकतो, कड उचलली जाते, आत पाणी शिरतं आणि मग बाहेर पडायला वाटच नसते. त्यापेक्षा उघडी वायर बरी, वाळते तरी. जोड द्यायचाच असेल तर आतून गोंद असलेली, तापवली की आवळणारी हीट श्रिंक ट्यूब मिळते, वायरीत आधी ओवायची, जोड देऊन वर आणायची आणि तापवायची, दोन मिनिटांचं काम आहे. पण ती ड्रॉवरमध्ये असायला हवी ना. ड्रॉवरमध्ये टेपचे रोळच्या रोळ.

आणि ती टेस्टरची सुई! वायरीत करंट येतो का बघायला कपलर उघडायचा कंटाळा म्हणून सरळ वायरीच्या अंगात सुई खुपसतात. दिवा लागला, झालं. पडलेलं भोक कोण बुजवणार? चार महिन्यांनी बरोबर तिथेच वायर आत हिरवी होते आणि मग "इसीयू गेला असेल सर", म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, म्हणून हजारोंचा आकडा सांगतात. सेन्सरच्या वायरीत पाच व्होल्टचा खेळ असतो, पिनेवर जरासा काट आला तरी आकडे चुकतात, एवढं तरी शिकवा पोरांना.

वॉशिंगवाले तर वेगळेच. घाट चढून तापलेली गाडी, त्यावर थंड पाण्याचा प्रेशर, तोही वीतभर अंतरावरून, नेमका सीटखाली. कपलरमधली गरम हवा थंड झाली की आक्रसते आणि कडेला साचलेलं पाणी आत ओढून घेते. वर सांगतात, "आयपी 67 आहे साहेब, काही होत नाही." आयपी म्हणजे धूळ-पाणी किती अडतं त्याचा आकडा, 67 म्हणजे 1 मीटर पाण्यात अर्धा तास, आणि ते सगळी रबरं जागेवर असताना, कपलर टक् करून बसलेला असताना. जवळून मारलेल्या प्रेशरची परीक्षाच वेगळी, तिचा आकडा 69के. तो तुमच्या माझ्या गाडीच्या कपलरवर सहसा नसतो.

त्या 67 मधला 6 धुळीचा आहे, ते तर कुणाच्या गावीच नसतं. हायवेच्या कामाची लाल धूळ आम्ही वर्षानुवर्षं खातोय. ती एप्रिल-मेमध्ये पिनांवर बसते आणि जूनमध्ये पहिल्या सरीला तिचा चिखल होतो, तो ओल धरून बसतो. 22 जुलै 2021 च्या पुरानंतर आमच्या आळीत सगळ्यांनी इंजिनं खोलली, ऑइलं बदलली. कपलर कुणी उघडले नाहीत. दिवाळीपर्यंत एकेक गाडी बंद पडत गेली, आत वाळलेला गाळ.

माझी आजी कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात ताक ठेवू द्यायची नाही, कळकतं म्हणून. तिला कुठल्या कंपनीने ट्रेनिंग दिलं नव्हतं. आणि आमच्या घरी कॅमेरा बसवणाऱ्याने तांब्याच्या जोडावर बाथरूमचं सिलिकॉन भरलं, ते आंबट वासाचं, ज्यातून सुकताना ॲसिड सुटतं. वायर बॉक्समध्ये वरून घातली, खाली झोळ सोडून खालून घ्यायची सोडून. पाणी वायरीवरून चालत आत गेलं. कॅमेरा दोन महिने टिकला.

दुपारी बाजारातून नवीन कपलर आणला, रबरांसकट, मोजून घेतली. जोड सोल्डर करून हीट श्रिंक घातली, तोंडाच्या रिंगला सिलिकॉनचं डायलेक्ट्रिक, म्हणजे वीज न वाहणारं, ग्रीस बोटाने लावलं. साधं ग्रीस नाही, त्याने काही रबरं फुगतात. मग आप्पांची स्कूटर आठवली, ती पण मे महिन्यात तिथेच दिली होती. सीट काढली. हेडलाइटकडे जाणारी वायर पकडून मागे मागे गेलो.

काळी टेप. आप्पा पहाटे साडेपाचला अंधारात दूध आणायला जातात त्या गाडीवर.