स्टिकर आहे ना, मग रोज सोर्स कशाला?

न्यूक्लिअर मेडिसिनवाल्यांच्या (किरणोत्सारी औषधांनी तपासण्या-उपचार करणाऱ्यांच्या) व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतोय. आशय असा: कंटॅमिनेशन मॉनिटरचं, म्हणजे सांडलेलं किरणोत्सारी द्रव्य शोधणाऱ्या मीटरचं, कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी) होऊन तारखेचा स्टिकर लागला की तो वर्षभर बिनघोर वापरा. बॅटरी ठीक आणि बॅकग्राउंड (आसपास नेहमीच असणारं थोडं प्रारण) दिसतंय, एवढं पुरे. बिघडला तर कळतंच. रोज चेक सोर्स (मीटर तपासायचा छोटा किरणोत्सारी नमुना) दाखवण्यात वेळ जातो, शिवाय सोर्सही लवकर संपतो.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, तो लगेच आटपतो. सोर्स वापरून संपत नाही. कपाटात ठेवा नाहीतर दिवसातून दहादा मीटरला दाखवा, त्यातल्या सीझियम-१३७ चं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) ३० वर्षंच राहणार. वर्षाला घट सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. ती काय पेनातली शाई आहे?

आता कॅलिब्रेशन. प्रमाणपत्र त्या दिवसापुरतं बोलतं. परत येताना मीटर गाडीत आपटला म्हणून स्टिकरवरची तारीख बदलत नाही. पॅनकेक प्रोबची (मीटरला जोडलेल्या चपट्या, वायू भरलेल्या गायगर नळीची) अभ्रकाची खिडकी इतकी पातळ असते की पेनचं टोक लागलं तरी फुटते, आतला वायू गेला की नळी मेली. समजा मार्चमध्ये कॅलिब्रेशन झालं आणि ऑगस्टमध्ये बिघाड सापडला. मधल्या नोंदींपैकी खऱ्या कुठल्या? रोज सोर्स दाखवत असाल तर संशय एका दिवसाच्या कामापुरता राहतो; नसाल तर पाच महिन्यांचं रजिस्टर संशयात. आणि ते काम परत करू म्हणाल तर तेही शक्य नाही. रुग्णांना देतात त्या टेक्निशियम-९९एम चं अर्धायुष्य ६ तास, म्हणजे आज नजरेतून सुटलेल्या डागाचा उद्या याच वेळी सोळावा हिस्सा उरतो. म्हणून तपासणी रोज, आणि कामाला हात घालण्याआधी. ‘किती दिवसांनी’ या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच आहे.

‘बॅकग्राउंड दिसतंय’ यात अर्धं तथ्य आहे. गायगर नळी जिवंत आहे हे त्यावरून कळतं. पण प्रोबचं प्लास्टिकचं टोपण काढायचं राहिलं तर बॅकग्राउंड जवळपास तेवढंच दिसतं आणि बीटा कण मात्र अडतात. टोपण तसंच ठेवून टेबल ‘स्वच्छ’ ठरवलेलं मी पाहिलंय. अल्फा कण मोजणाऱ्या प्रोबचं तर बॅकग्राउंडच शून्याजवळ. मेलेला प्रोब आणि स्वच्छ टेबल दोन्ही सारखेच दिसतात. बॅटरीचा काटा फक्त बॅटरीबद्दल सांगतो. कनेक्टरपाशी तुटलेल्या केबलचं त्याला काय!

‘बिघडला तर कळतंच’ हा सगळ्यात घातक भाग. उलटंही होतं: मीटर ठीक असतो आणि माणसाला तो बिघडलेला वाटतो. ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात २९ सप्टेंबर १९८७ रोजी एक भौतिकशास्त्रज्ञ उसना मॉनिटर घेऊन निघाला. सोर्सपासून अजून लांब असतानाच, कुठल्याही दिशेला धरला तरी काटा टोकाला. मीटर बिघडला असं समजून तो परत फिरला आणि दुसरा आणला. त्याचंही तेच. तेव्हा कुठे खात्री पटली. टाकून दिलेल्या रेडिओथेरपी यंत्रातला सीझियम-१३७ चा सोर्स भंगारात जाऊन फुटला होता आणि पावडर घराघरांत पोचली होती. चौघे दगावले. ती सगळी हानी दुसऱ्या मीटरच्या फेरीमुळे झाली असं मी म्हणत नाही. पण हातातल्या मीटरवर भरवसा असता तर ती फेरी तरी वाचली असती.

संदेशातलं एक मान्य: कपाटात पडून असलेल्या मीटरला रोज उठवायची गरज नाही. ज्या दिवशी बाहेर काढाल त्या दिवशी तपासा. मीटर कॅलिब्रेशनहून आला की सोर्स ठरलेल्या जागी ठेवून आकडा लिहून ठेवायचा. पुढे रोज त्याच जागी, त्याच अंतरावर तोच सोर्स. आकडा २० टक्क्यांहून जास्त इकडेतिकडे गेला तर ‘वापरू नये’ची चिठ्ठी लावून मीटर बाजूला. आमच्याकडे याला मिनीटभरही लागत नाही, सोर्सच्या कपाटाची किल्ली जागेवर असली तर.