जंत पाळून ॲलर्जी जात नाही

पावसाळा लागला की सोसायटीच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड हमखास येतो. मजकूर थोडक्यात असा : ॲलर्जी म्हणजे इम्युनिटी कमी, आजीच्या काळी पोरांच्या पोटात जंत असायचे म्हणून कुणाला ॲलर्जी नव्हती, तेव्हा शाळेतली जंताची गोळी देऊ नका, पोरांना चिखलात खेळू द्या. यातलं काही साफ खोटं आहे, काही अर्धं खरं. डोकेदुखी त्या अर्ध्या खऱ्याचीच जास्त.

‘ॲलर्जी म्हणजे इम्युनिटी कमी.’ छे. घरातली धूळ, झुरळांची विष्ठा, कोळंबी यांनी खरं तर काही बिघडत नाही. पण काहींचं शरीर त्यांना शत्रू समजून त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं, म्हणजे लढाऊ प्रथिनं, बनवतं. ती त्वचेतल्या, नाकातल्या मास्ट नावाच्या पेशींना चिकटून राहतात, आणि तीच वस्तू पुन्हा समोर आली की त्या पेशींतून हिस्टामिन हे रसायन सुटतं. मग शिंका, अंगावर पित्त उठणं, धाप. दम्याच्या पंपातलं स्टेरॉइड हीच प्रतिक्रिया दाबतं. मग काढा पिऊन इम्युनिटी आणखी वाढवायची ती कशाला?

‘पोटात जंत असले की ॲलर्जी होत नाही.’ इथे मात्र घाईने हसून चालणार नाही. आयजीई आणि इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी ही जंतांशी लढायचीच हत्यारं. पण जंतांना वर्षानुवर्षं आतड्यात राहायचं असतं, म्हणून ते यजमानाची प्रतिकारशक्ती थंड करतात. प्रतिकाराला लगाम घालणाऱ्या नियामक टी पेशी वाढतात, आयएल-10 हा शांत करणारा रासायनिक निरोप वाढतो. आफ्रिकेतल्या गॅबनमध्ये शिस्टोसोमा या कृमीची लागण असलेल्या मुलांच्या त्वचेवर धुळीतल्या सूक्ष्म किड्यांच्या ॲलर्जीची चाचणी (अर्क टोचून गांधी उठते का ते पाहणं) कमी उमटली, हे 2000 साली प्रसिद्ध झालं. पुढे जंतांवर उपचार केल्यावर ती जास्त उमटू लागली, हेही खरं.

फॉरवर्ड इथेच संपतो, संशोधन संपत नाही. व्हिएतनाममध्ये शाळकरी मुलांना जंतनाशक दिलं, तेव्हा त्वचेची चाचणी वाढली पण दमा किंवा इसब वाढलं नाही. चाचणीवर गांधी उठणं आणि आजार होणं या दोन वेगळ्या गोष्टी. नॉटिंगहॅममध्ये दम्याच्या रुग्णांच्या त्वचेवर हूकवर्म या आतड्यातल्या जंताच्या 10 अळ्या मुद्दाम सोडून पाहिल्या. दम्यात लक्षणीय फरक पडला नाही. डेन्मार्कमध्ये नाकाच्या ॲलर्जीवाल्यांना डुकरातल्या कृमींची अंडी पाजली, तिथेही हात रिकामेच.

शिवाय सगळे जंत एका माळेचे मणी नव्हेत. आपल्याकडे नेहमी सापडणाऱ्या गोल जंताचा संबंध अनेक पाहण्यांत उलट, म्हणजे जास्त दम्याशी दिसला आहे. त्याच्या अळ्या आतड्यात स्थिरावण्याआधी फुप्फुसांतून जातात आणि खोकला, घरघर लागू शकते. गोल जंत, झुरळ, धुळीतले किडे आणि कोळंबी यांच्यात ट्रोपोमायोसिन हे प्रथिन बरंचसं सारखं असतं. एकाविरुद्ध बनलेलं आयजीई दुसऱ्यालाही पकडू शकतं. मुंबईच्या दमट हवेत या किड्यांना आणि झुरळांना तोटा नाही.

‘आजीच्या काळी ॲलर्जी नव्हती.’ शिंका होत्या, दमाही होता. निदान कमी व्हायचं. ॲलर्जी वाढली हे मात्र मान्य. 1989 मध्ये डेव्हिड स्ट्रॅकन या साथरोगतज्ज्ञाने ब्रिटनमधल्या 17,414 मुलांच्या नोंदी पाहून लिहिलं की मोठी भावंडं जास्त, तिथे परागज्वर, म्हणजे परागकणांनी होणारी नाकाची ॲलर्जी, कमी. त्याचा अंदाज भावंडांकडून लागणाऱ्या संसर्गाबद्दल होता. पुढे तोही बराच दुरुस्त झाला, कारण लहानपणी आरएसव्ही किंवा ऱ्हायनोव्हायरस या सर्दी-खोकल्याच्या विषाणूंनी छातीत घरघर झालेल्या मुलांमध्ये पुढे दमा जास्त दिसतो. आणि आजीचंच नाव घ्यायचं तर तिच्या बटव्यात वावडिंग असायचं. ते जंत पाडायलाच होतं ना?

‘गोळी देऊ नका.’ राष्ट्रीय जंतनाशक दिनाला 1 ते 19 वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल ही जंताची गोळी देतात. 2 वर्षांच्या वर 400 मिलिग्रॅम, त्याखाली अर्धी. हूकवर्म आतड्यातून रक्त पितो, पोर पांढरं पडतं. ॲलर्जी टळेल या न सिद्ध झालेल्या आशेवर ॲनिमिया घ्यायचा, हा कुठला हिशोब?

‘चिखलात खेळू द्या.’ शेतावर, गुरांच्या सहवासात वाढलेल्या मुलांमध्ये दमा कमी दिसतो, आणि ते श्रेय बहुधा तिथल्या जिवाणूंच्या विविधतेचं. मुंबईत हिंदमाताला जुलैत तुंबलेलं पाणी म्हणजे गोठा नव्हे. त्यात उंदरांचं मूत्र असतं, आणि पायाला जखम असेल तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा ताप) होऊ शकतो. अशा पाण्यातून पोर चालून आलंच, तर पाय साबणाने धुवा आणि 72 तासांच्या आत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक औषध घ्या.