रिंगचं ‘कापणी’

तुमचा लेख आवडला, पण त्यात डॅनिश चित्रकार एल. ए. रिंगच्या ‘कापणी’ या १८८५ च्या चित्रावर एकच ओळ लिहिलीत याचं खरंच वाईट वाटलं, कारण डेन्मार्कमधल्या शेतकऱ्याचं एवढं खरं चित्र मी तरी दुसरं पाहिलं नाही. त्यात राबणारा माणूस म्हणजे रिंगचा सख्खा भाऊ. रिंग स्वतः खेड्यातल्या चाकं बनवणाऱ्या सुताराचा मुलगा, आडनावसुद्धा गावाचंच घेतलेलं, त्यामुळे लांबून बघून काढलेलं हे नाहीच. तो भाऊ कमरेत वळून, दोन्ही हातांनी लांब दांड्याचं पातं फिरवतोय बघा, आपल्यासारखं विळा घेऊन बसून नाही तर उभ्याने, आणि समोर पिकलेलं धान्य नुसतं दाटलंय! चित्र जवळजवळ १९० सेंटीमीटर उंच आहे, म्हणजे राजाला द्यायची ती जागा शेतकऱ्याला दिली. आणि वेळ बघा ना, अमेरिकेतून स्वस्त धान्य यायला लागलेलं, डेन्मार्कचा शेतकरी दुधाकडे वळत होता, तिथली पहिली सहकारी डेअरी १८८२ ला येडिंग गावात निघाली होती. कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे हे चित्र, यावर वेगळा लेख लिहाच प्लीज.