डेक्सा नको म्हणून सांगू का?

परवा रात्री शटर ओढत होतो, तेवढ्यात आमच्या आळीतला एक पोरगा डायपर घ्यायला आला. वडील ॲडमिट. करोनाच निघाला, ऑक्सिजन लावलाय. पैसे देता देता म्हणाला, "काका, डॉक्टरांनी डेक्सा चालू केलंय. नको म्हणून सांगू का? मामाचा डोळा त्यानंच गेला ना!"

मला बोलायला जरा वेळ लागला. डेक्सा म्हणजे डेक्सामेथासोन, एक स्टेरॉइड. आणि मामाच्या त्या गोळ्या माझ्याच औषधाच्या दुकानातून गेल्या होत्या.

एप्रिल २०२१. काउंटरवर माणसांची रांग आणि प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये कुणाच्या तरी चिठ्ठीचा फोटो. ताप येऊन दोन दिवस झालेले, बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ९७, पण सीटी स्कॅनचा स्कोअर ऐकून घाबरलेले. एकाची चिठ्ठी सगळ्या घराला चालायची. मामांना डायबेटीस होता. गोळ्या घेतल्या की ताप पळायचा, भूक लागायची, म्हणून त्यांनी पंधरा दिवस घेतल्या. स्टेरॉइडनं साखर चढते, ती कुणी बघितलीच नाही. पुढे म्युकर, म्हणजे डोळ्यापर्यंत पोचणारी काळी बुरशी, मग तिच्यावरच्या ॲम्फोटेरिसिन इंजेक्शनसाठी पुण्यापर्यंत धावाधाव. मी चिठ्ठीवरची तारीखसुद्धा बघितली नव्हती.

तरीही औषधाला शिव्या घालायला मी तयार नाही. जून २०२० मध्ये करोनात डेक्सा देऊन बघणाऱ्या ऑक्सफर्डच्या 'रिकव्हरी' चाचणीचा निकाल आला होता. डोस साधा, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू ४१ टक्क्यांवरून २९ वर आले. ऑक्सिजनवर असलेल्यांत २६ वरून २३. काही रुपयांत मिळणारं जुनं औषध! आम्ही तेव्हा हजारो रुपयांच्या रेमडेसिव्हिरमागे वेडे झालो होतो.

पण त्याच चाचणीत ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांना काडीचा फायदा झाला नाही. मृत्यूचा आकडा उलट थोडा जास्तच दिसला. ही ओळ व्हॉट्सॲपवर कुणी फिरवली नाही. स्टेरॉइड विषाणूला मारत नाही, आपल्याच प्रतिकारशक्तीला आवरतं. पहिल्या आठवड्यात ती विषाणूशी झुंजत असते, तेव्हा आवरली तर त्याला रान मोकळं. पुढे तीच बेभान होऊन फुप्फुसावर उठते, तेव्हा आवरलीच पाहिजे. आणि हे करोनाचं गणित फ्लूला लावू नका. फ्लूच्या न्यूमोनियात असा ठाम पुरावा नाही, काही अभ्यासांत तर स्टेरॉइड दिलेल्यांत मृत्यू जास्त दिसलेत.

पोराला विचारलं, "ऑक्सिजन काढला की किती दाखवतं?"

"८६."

"मग डॉक्टरांना अडवू नकोस. फक्त साखर किती वेळा तपासतात तेवढं विचार."

काल सकाळी फोन आला. साखर २९० निघाली, इन्सुलिन सुरू केलंय. डेक्सा चालूच आहे.