जुन्या गाडीचा हेडलाइट आणि समोरून येणाऱ्याचे डोळे

आमच्याकडे शेतीपंपाची वीज पाळीपाळीने दिवसा आणि रात्री येते, त्यामुळे केळीला पाणी सोडण्यासाठी रात्री बारा-एक वाजता घरातून निघून वावरात जाणे हा जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-यावल पट्ट्यातील शेतकऱ्याचा नेहमीचा क्रम आहे. वाटेत बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्गाचा तुकडा लागतो. केळीने भरलेले ट्रक, मागे एकही लाल काच नसलेल्या ट्रॉल्या, बिनदिव्याच्या बैलगाड्या आणि अंधारात कडेने चालणारी माणसे या सगळ्यांतून मार्ग काढण्यासाठी आपल्याजवळ साधन असते ते फक्त गाडीच्या हेडलाइटचे. माझी गाडी वडिलांनी २००३ साली घेतलेली हिरो होंडा स्प्लेंडर आहे. इंजिन आजही उत्तम चालते, पण दोन-तीन वर्षांपासून तिचा उजेड इतका पिवळट आणि मरगळलेला झाला होता, की खड्डा दिसायचा तो चाक त्यात गेल्यावरच.

यावर बहुतेक जण करतात तेच मीही केले. तालुक्याच्या गावी जाऊन पांढऱ्या उजेडाचा एलईडी बल्ब आणला, जुना काढला आणि त्याच होल्डरच्या जागी तो बसवला. पहिल्या रात्री मला फार समाधान वाटले, कारण पुढचा सगळा रस्ता, कडेची बाभळीची झाडे आणि विजेच्या तारासुद्धा लख्ख दिसत होत्या. तारा दिसतात म्हणजे आपला उजेड नको तिथे जात आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवे होते. ते आले नाही. चौथ्या-पाचव्या रात्री आमच्याच गावातील एक वृद्ध गृहस्थ, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, सायकलवरून वावरातून परत येत असताना माझ्या समोर आले आणि सायकलसह रस्त्याच्या कडेच्या चारीत उतरले. सुदैवाने गुडघा खरचटण्यापलीकडे त्यांना लागले नाही. मी धावत जाऊन त्यांना उठवले, तेव्हा ते रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, "भाऊ, तुना लाइट मना डोयामा घुसस. माले रस्ताच दिसना नही." त्या रात्रीपासून मी या विषयाचा नीट अभ्यास करायचे ठरवले आणि माझे मत आज ठाम झाले आहे: जुन्या गाडीत उजेड कमी पडत असेल, तर बल्ब बदलणे हा सर्वांत शेवटचा उपाय आहे, आणि तो करतानाही उजेडाची परीक्षा आपल्या सीटवरून न करता समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांनी करायला हवी.

असे का, हे समजण्यासाठी जुन्या गाडीतला मूळचा बल्ब, म्हणजे हॅलोजन बल्ब, आत कसा असतो ते पाहावे लागते. आपल्या गाड्यांच्या ज्या बल्बला आपण अप्पर-डिप्परचा बल्ब म्हणतो, त्यात टंगस्टनच्या दोन बारीक तारा असतात: लांबच्या उजेडाची अप्परची आणि जवळच्या, खाली पडणाऱ्या उजेडाची डिप्परची. अप्परची तार रिफ्लेक्टरच्या, म्हणजे बल्बमागच्या चकचकीत वाटीसारख्या आरशाच्या, केंद्रबिंदूपाशी येते, म्हणून तिचा उजेड सरळ लांब जातो. डिप्परची तार थोडी पुढे असते आणि तिच्या खाली पत्र्याची एक लहानशी वाटी असते. या वाटीमुळे डिप्परचा उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून परावर्तित होऊन खाली रस्त्याकडे वळतो. रिफ्लेक्टरचा आकार आणि काचेवरच्या उभ्या-आडव्या रेघा या सगळ्यांची आखणी त्या तारांची जागा मिलिमीटरपर्यंत धरून केलेली असते. एलईडी बल्बमध्ये तार नसते. चपट्या पट्टीच्या दोन बाजूंना चिप बसवलेल्या असतात, त्यांची जागा आणि रुंदी वेगळी असते, आणि स्वस्त बल्बांत वाटीच्या जागी नुसता नावापुरता आडोसा असतो. मग उजेड भरपूर निघतो, पण तो रस्त्यावर न राहता सगळीकडे पसरतो. मूळचीच एलईडीसाठी घडवलेली, स्वतःची भिंगे असलेली पूर्ण हेडलाइट ही निराळी गोष्ट आहे आणि ती चांगली असू शकते. माझा आक्षेप हॅलोजनच्या डोममध्ये, म्हणजे रिफ्लेक्टर आणि काच मिळून होणाऱ्या हेडलाइटच्या भांड्यात, एलईडी बल्ब कोंबण्यावर आहे.

माझ्या गाडीत त्याखेरीज दुसरी अडचण होती. जुन्या १०० सीसीच्या पुष्कळ गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर चालत नाही. इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटच्या कॉइलमधून येणारा एसी प्रवाह रेग्युलेटरमधून थेट बल्बला जातो, म्हणून एक्सिलरेटर सोडला की उजेड मंदावतो. ओळखायची रीत सोपी आहे: इंजिन बंद ठेवून चावी फिरवावी आणि लाइटचे बटण दाबावे. हॉर्न वाजतो आणि हेडलाइट मात्र लागत नाही, तर तो कॉइलवर आहे असे समजावे. अशा गाडीत एलईडी बसवला, की कमी वेगात तो फडफडतो. हे टाळण्यासाठी काही मिस्तरी बॅटरीवरून सरळ वायर ओढून देतात. किकच्या लहान गाडीची बॅटरी साधारण २.५ अँपिअर-तासाची असते आणि ३५ वॅटचा बल्ब सुमारे ३ अँपिअर ओढतो, त्यामुळे चार्जिंग पुरेसे नसेल तर तासाभरातच बॅटरी बसते. हे कोणी आधी सांगत नाही.

आता उजेड मुळात कमी का झाला होता, याकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्या गोष्टीचे मर्म इथेच आहे. हॅलोजनच्या तारेचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ कमी होत नाही, तर फार वेगाने घसरतो. व्होल्टेज १० टक्के कमी झाले, की उजेड जवळजवळ ३० टक्के कमी होतो. मी व्होल्टेज मोजायचा मल्टीमीटर घेऊन इंजिन वेगात ठेवून कॉइलकडून येणाऱ्या वायरीवर आणि मग बल्बच्या होल्डरवर मोजले, तर मध्येच सुमारे दीड व्होल्ट हरवत होते. म्हणजे जवळपास एक तृतीयांश उजेड वाटेतच जिरत होता आणि नवा कुठलाही हॅलोजन बल्ब आणला असता तरी तो तसाच जिरला असता. डिप्पर स्विच उघडला, तेव्हा त्यातील पितळी पट्ट्या काळ्या पडलेल्या होत्या. वीस वर्षांची आमच्याकडची धूळ, पावसाळ्याचे पाणी आणि वारंवार दाबण्याने उठणाऱ्या ठिणग्या, यांतून दुसरे काय होणार? त्या पट्ट्या मी बारीक पॉलिश पेपरने घासल्या. होल्डरचे प्लॅस्टिक उष्णतेने तपकिरी होऊन आतली पिन सैल झाली होती, म्हणून होल्डर नवा घातला. डोमच्या मागे अर्थची काळी वायर ज्या बोल्टखाली असते, तिथे गंज होता. तो खरवडून उघड्या धातूवर वायर पुन्हा आवळली. मग मोजले, तर फरक पाव व्होल्टावर आला. बॅटरीवर हेडलाइट चालणाऱ्या जुन्या बुलेटसारख्या गाड्यांत याहून चांगला उपाय आहे: बॅटरीवरून फ्यूज घालून जाड वायर आणावी आणि रिलेमार्फत, म्हणजे थोड्या प्रवाहावर मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचमार्फत, बल्बला द्यावी, म्हणजे हँडलवरच्या स्विचमधून फक्त रिलेपुरता नाममात्र प्रवाह जातो आणि स्विचही टिकतो.

त्यानंतर डोम. वरून काच स्वच्छ दिसत होती, पण आतून धुळीचा थर आणि पाणी शिरून पडलेले डाग होते. काच कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवली. रिफ्लेक्टरला मात्र कापड लावू नये. त्यावरचा चकाकता थर इतका पातळ असतो, की पुसताना तोच निघून जातो. माझ्या रिफ्लेक्टरचा वरचा भाग, म्हणजे नेमका डिप्परच्या कामाचा भाग, मळकट राखाडी झाला होता, म्हणून पूर्ण डोमच बदलावा लागला. बल्बपेक्षा त्याला पैसे जास्त पडतात, हे खरे, पण मळकट आरशासमोर कितीही मोठा दिवा ठेवला तरी आरसा उजळत नाही.

या सगळ्यानंतर बल्ब घेतला तो मूळच्याच मापाचा: १२ व्होल्ट, ३५/३५ वॅट, साधा, न रंगवलेल्या काचेचा. दुकानात ६०/५५ वॅटचा आणि त्याहून मोठाही दाखवतात. पण माझ्या गाडीची कॉइल ३५ वॅटच्या हिशोबाने गुंडाळलेली आहे, त्यामुळे मोठा बल्ब तिच्यावर उलट मंद जळतो, आणि जिथे प्रवाह पुरतो तिथे होल्डर वितळवतो. निळसर काचेचे 'पांढऱ्या उजेडाचे' हॅलोजनही मी घेणार नाही, कारण ती निळी झाक उजेडाचाच काही भाग गिळते. साध्या हॅलोजनचा उजेड किंचित पिवळसर, साधारण ३,२०० केल्विनचा असतो (केल्विन हे उजेडाच्या रंगाचे माप; आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर पांढरा). बाजारातले पांढरे एलईडी बहुधा ६,००० च्या आसपास असतात. हिवाळ्यात तापीकाठच्या धुक्यात निळसर पांढरा उजेड डोळ्यांना अधिक टोचतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहिल्यासारखे वाटते, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. बल्ब बसवताना त्याच्या काचेला बोट लावू नये. बोटाच्या तेलाचा डाग राहिला, तर तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. चुकून बोट लागलेच तर स्पिरिटने पुसावे.

शेवटचे काम उजेडाचा कोन बसवण्याचे, आणि हेच काम जवळजवळ कोणीच करत नाही. मी गोठ्याच्या भिंतीपासून ५ मीटरवर सपाट जागी गाडी उभी केली, दोन्ही टायरांची हवा बरोबर करून घेतली आणि भावाला सीटवर बसवले. डोमच्या मध्यबिंदूची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्या उंचीवर भिंतीवर खडूने आडवी रेघ मारली आणि डिप्परच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या सुमारे ५ सेंटिमीटर खाली येईपर्यंत डोम वाकवला. आपण डाव्या बाजूने चालतो, म्हणून काही डोमांचा डिप्पर डावीकडे किंचित वर चढणारा असतो. तो दोष नाही. मागे ४५ किलोची युरियाची गोणी बांधली, की गाडीचे नाक वर उठते आणि बरोबर बसवलेला डिप्परसुद्धा लोकांच्या डोळ्यांत जातो, त्यामुळे ओझे नेहमीचेच असेल तर कोन ओझ्यासह बसवावा.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलात मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि १९८९ च्या केंद्रीय नियमांत ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला समोरचा दिवा दिपवू नये असे सांगितले आहे. दीड मीटर म्हणजे सायकलवर बसलेल्या आप्पांच्याच डोळ्यांची उंची. पूर्वी हेडलाइटच्या वरच्या भागावर काळा रंग लावण्याची पद्धत होती, ती याच काळजीतून आलेली होती. वय वाढले, मोतीबिंदूची सुरुवात झाली, की डोळ्यांत शिरलेला उजेड आतच पसरतो आणि दिपलेली नजर पूर्ववत व्हायला तरुण माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते. समोरच्याला आपण चार सेकंद आंधळे केले, तर तो कुठे जाईल आणि आपण कुठे असू, याचा हिशोब प्रत्येकाने करावा.

माझ्या गाडीचा उजेड आता एलईडीइतका भपकेबाज नाही. तारा दिसत नाहीत. रस्त्याची कड, खड्डा आणि ट्रॉलीचे मागचे चाक मात्र वेळेवर दिसते, आणि गेल्या महिन्याभरात समोरच्या एकाही ट्रकवाल्याने माझ्यावर अप्पर मारलेला नाही. गोठ्याच्या भिंतीवरची खडूची रेघ मी पुसलेली नाही, आणि मल्टीमीटर घरात आहे. चोपडा-यावलच्या बाजूला राहणाऱ्या कोणाला आपल्या जुन्या गाडीचा डिप्पर तपासून, बसवून घ्यायचा असेल, तर अंधार पडल्यावर यावे. पाळी रात्रीची असली तरी दहाच्या आधी मी घरीच असतो.